तिसरी पुकार

रिबकाबाईंना काही विचारावं आणि त्यांनी चटकन उत्तर द्यावं, असं रत्नागिरीतल्या माझ्या सगळ्या वर्षांत क्वचितच घडलं. म्हणजे बांगडे ताजे आहेत की नाहीत, हे त्या टोपलीत हात न घालता सांगत. पोराचा ताप हिवाचा की मुदतीचा, हेही कपाळाला हात लावून सांगत. पण ज्या गोष्टीची झळ दुसऱ्या माणसाला लागणार, तिथे त्या थांबत, पदराने नाक पुसत आणि म्हणत, "विचारून सांगते."

कोणाला विचारून, हे आमच्या सगळ्या ख्रिस्ती मंडळीला ठाऊक होतं. नवरा केव्हाच वारला होता, सासू नव्हती, भाऊ नव्हता. रिबकाबाई देवाला विचारून सांगत. मला ह्याचा मनस्वी राग यायचा. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण. प्रश्न टाकला की उत्तराला हात वर व्हायला हवा, ही माझी शिस्त. देवाचं नाव पुढे करून चालढकल करायची ही नामी युक्ती आहे, असं माझं तरुणपणीचं ठाम मत होतं, आणि ते मी त्यांना ऐकवलंही होतं. "असेल गो," त्या म्हणाल्या होत्या, "तेही विचारून बघते."

त्या मिशनच्या दवाखान्यात परिचारिका होत्या. उंच, सावळ्या, पुरुषासारखे मोठे पंजे, निळ्या काठाचं पांढरं लुगडं आणि अंगाला कायम कार्बोलिकचा वास. उपासनेला त्या आल्या की बायकांच्या बाकावर हा वास आधी येऊन बसायचा. दर गुरुवारी त्या गावाबाहेरच्या महारोग्यांच्या आश्रमात जखमा धुवायला आणि पट्ट्या बांधायला जात. त्यासाठी लागणाऱ्या पट्ट्या मंडळीतल्या बायका बुधवारच्या प्रार्थनासभेत जुनी धोतरं, जुनी लुगडी फाडून गुंडाळून देत. उरलेल्या रिबकाबाई घरी मागच्या दारी फणसाखाली बसून गुंडाळीत, आणि तीच त्यांची प्रार्थनेची वेळ. गुडघे टेकून, डोळे मिटून बसलेलं मी त्यांना देवळाबाहेर कधी पाहिलं नाही. "डोळे मिटले की मला झोप लागते," त्या म्हणत. "आणि माझे उघडे असले म्हणून देवाला काय कमी दिसतं?" एखाद्या विचारण्यात मन अडलं, की हातातली पट्टी पुरी गुंडाळून झाल्यावर त्या ती झटकन सोडून देत आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेत. तेव्हा त्यांच्याशी कोणी बोलू नये.

आमच्याकडे नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी टोपलीतून बायबलातल्या वचनांच्या चिठ्ठ्या काढायची पद्धत होती. प्रत्येकाने डोळे झाकून एक उचलायची. जे वचन निघेल ते वर्षभर आपलं. शेजारच्या शांताबाईंना एकदा आरोग्याबद्दलचं काहीतरी निघालं. त्यांचा मुलगा तेव्हा हिवतापाने फणफणला होता. देवाने शब्द दिला आहे, आता औषध देणं म्हणजे अविश्वास, असं ठरवून त्यांनी कोयनेल बंद केलं. रिबकाबाईंना कळलं तशा त्या हातातलं काम टाकून गेल्या. "देवाने कोयनेल केलान तो काय समुद्रात टाकायला?" एवढंच म्हणाल्या, पोराचं नाक दाबलं आणि कडू घोट घशाखाली उतरवला. मी नंतर चिडवलं, "हे नाही विचारलंत?" तर म्हणाल्या, "ह्यात विचारायचं काय? ताप होता."

तर टाळाटाळ नव्हती, एवढं मलाही कबूल करावं लागलं. मग काय होतं, ते एका वर्षी थोडं कळलं. मिशनच्या नव्या मिससाहेबांनी त्यांना घाटावरच्या मोठ्या इस्पितळात जागा देऊ केली. राहायला पक्की खोली, हाताखाली दोन मुली, आणि गुरुवारची ती पायपीट कायमची बंद. रिबकाबाई हरखल्या. दुसऱ्याच दिवशी मला म्हणाल्या, "जा असं म्हणतोय गो देव." ट्रंकसुद्धा उन्हात टाकली. आणि मग पंधरा दिवस फणसाखाली त्याच त्याच पट्ट्या. शेवटी मिससाहेबांना नाही म्हणून कळवून आल्या. मी कारण विचारलं. "पहिलं उत्तर माझ्याच आवाजात होतं," त्या म्हणाल्या. "जे उत्तर मला सोयीचं असतं ना, ते मी पुन्हा विचारते." ट्रंकेतले कपडे परत दांडीवर घालताना त्यांचे डोळे ओले होते. देवाशी बोलणाऱ्या माणसाला सगळं सोपं जात असेल, हा माझा समज त्या दिवशी गेला.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. ह्यातला बराच भाग मला नंतर, काही रिबकाबाईंकडून आणि काही प्रभाकरकडून, तुकड्यातुकड्यांनी कळला. इथे सलग लावते आहे.

प्रभाकर मुलांच्या शाळेत शिकवायचा. लांज्याकडचा, आईबापांविना मिशनच्या बोर्डिंगात वाढलेला, गोड गळ्याचा. माझ्या धाकट्या बहिणीशी, लीलाशी, त्याचं लग्न ठरलं. नुसतं ठरलं नव्हतं. लीला त्याच्या गायनाच्या दिवशी देवळात दोन बाक पुढे बसायची, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. वडील गेल्यापासून आईने आम्हा दोघींना एकटीने वाढवलेलं. मी लग्नाचं नाव काढू देत नव्हते, म्हणून तिचा सगळा जीव ह्या लग्नात अडकला होता. प्रभाकरचे काका-काकू मुंबईहून मुद्दाम आले होते. मे महिना. पावसाआधीची शेवटची बोट गेली की बंदर बंद, म्हणून लग्न बोटीच्या आधी उरकायचं होतं.

आमच्या मंडळीत लग्न ठरलं की लागोपाठ तीन रविवार उपासनेत पुकार होते. पाळकसाहेब दोघांची नावं वाचतात आणि म्हणतात, ह्या लग्नाला कोणाची हरकत असेल तर त्याने उभं राहून सांगावं. कोणी उभं राहत नाही. बायका नवरीकडे बघून हसतात, नवरी मान खाली घालते, की पुढचं गायन. पहिली पुकार अशीच झाली.

दुसऱ्या दिवशी प्रभाकर हात भाजून दवाखान्यात आला. कंदिलाची तापलेली काच त्याने डाव्या हाताने उचलली होती. वास आला म्हणून शेजारचा मुलगा ओरडला, तेव्हा ह्याला कळलं. "दुखलंच नाही हो बाई," तो हसत सांगत होता. "लग्नाच्या आनंदात असेन."

डॉक्टरसाहेब दर उन्हाळ्यासारखे डोंगरावर गेलेले. रिबकाबाईंनी फोड धुतला, मलम लावलं आणि बाही कोपरापर्यंत सारायला सांगितली. कोपराच्या वर फिकट चट्टा होता. "डोळे मीट," त्या म्हणाल्या. "टाचणी टोचली की सांग." प्रभाकर डोळे मिटून शहाण्या मुलासारखा बसला. बराच वेळ बसला. मग म्हणाला, "तुम्ही सुरू कधी करणार?"

त्याने डोळे उघडले तेव्हा चट्ट्यावर रक्ताचे चार-पाच बारीक ठिपके आले होते.

गुरुवारच्या फेऱ्यांत रिबकाबाईंनी महारोग्यांचे असे हात शेकड्यांनी पाहिले होते. "मी डॉक्टर नाही," त्या म्हणाल्या. "साहेब आले की दाखव." तो म्हणाला, "पण तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी वाटलं ते सांगितलं. खोटं त्या बोलत नसत. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "लग्न होईपर्यंत कोणाला सांगू नका. मी तुमच्या पाया पडतो."

"लग्न पावसानंतर करू म्हण. साहेब येईपर्यंत थांब."

"काय कारण सांगू? काका बोटीची तिकिटं घेऊन बसलेत." मग पुन्हा, "सांगणार नाही ना?"

"विचारून सांगते," रिबकाबाई म्हणाल्या.

त्याला वाटलं, हे होच आहे. आणि रिबकाबाई घरी येऊन फणसाखाली बसल्या.

त्यांच्यापुढे काय होतं ते नीट सांगते, कारण तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं आणि मी त्यांना नाही नाही ते बोलले. गप्प राहावं, तर माझी बहीण आंधळेपणाने त्या घरात जाणार. पुढे कळणार, तेव्हा परत फिरायला वाट नसणार. बोलावं, तर प्रभाकरची नोकरी, घर, नाव, सगळं एका दिवसात संपणार. आणि तेही डॉक्टरने पाहण्याआधी, एका परिचारिकेच्या टाचणीवर. शिवाय आणखी एक गोष्ट होती. नर्सबाई बोलत नाहीत, ह्या एका भरवशावर कुळवाड्यांपासून वकिलांपर्यंत लोक आपले चट्टे त्यांना दाखवायला येत. नर्सबाई बोलल्या असं एकदा गावात झालं, की लोक बोटं झडेपर्यंत बाही खाली ओढून बसणार होते.

बुधवारी प्रार्थनासभा होती. आमच्या बायकांची एक खोड होती, ती सांगितल्यावाचून पुढचं कळणार नाही. एरवी निंदा करणं पाप, म्हणून ज्याची निंदा करायची त्याच्यासाठी प्रार्थना मागायची. "अमक्या बहिणीच्या घरी शांती नांदावी म्हणून विनंती करा," असं कोणी म्हटलं, की तिच्या घरी काल भांडी आदळली हे सगळ्यांना कळायचं. रिबकाबाई कधी कोणाचं नाव घेत नसत. त्या दिवशी पट्ट्या गुंडाळता गुंडाळता त्या म्हणाल्या, "मला एका गोष्टीत शहाणपण हवंय. माझ्यासाठी मागा." स्वतःसाठी त्यांनी सभेत कधी काही मागितलं नव्हतं. नाव घेतलं नाही, गाव घेतलं नाही, पण बोलून गेल्या ते गेल्याच. प्रार्थना संपायच्या आत निम्म्या बायकांनी ताळा जमवला. बाई सोमवारपासून जेवत नाहीत. प्रभाकर सोमवारी दवाखान्यात गेला होता. आणि त्याच्याच लग्नाची पुकार चालू आहे.

संध्याकाळी शांताबाई आमच्या घरी येऊन म्हणाल्या, "लीलासाठी आम्ही सगळ्या विनंती करतोय हो." आईच्या हातातली परात तशीच राहिली.

आई तडक निघाली, तिच्यामागे मी. रिबकाबाई मागच्या दारीच होत्या. आई बसलीसुद्धा नाही. "माझ्या पोरीच्या लग्नाला तुमची हरकत आहे काय?"

रिबकाबाईंनी हातातली पट्टी सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

"त्या मुलात काही वाईट आहे काय? दारू? बाई?"

"तसलं काही नाही. पोरगा सोन्यासारखा आहे."

"मग काय ते सांगा. हो की नाही?"

"मला विचारू दे," रिबकाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

आईचा तोल गेला. "देवाला काय विचारता? मी विचारते आहे तुम्हाला. आई आहे मी तिची. तुमचा देव काय मला उत्तर देऊ नको म्हणतो?" मीही भर घातली. म्हणाले, माहीत असून न सांगणं आणि वर प्रार्थनेचं पांघरूण घेणं, हे ढोंग आहे. रिबकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. आम्ही अंगणाच्या दगडी गडग्यापर्यंत पोचलो तेव्हा त्या मागून एवढंच म्हणाल्या, "रविवारी काय ते होईल."

पण दुसऱ्या रविवारी काही झालं नाही. पाळकसाहेबांनी नावं वाचली, हरकतीचं वाक्य म्हटलं, आणि आख्खी बायकांची बाजू नवरीऐवजी रिबकाबाईंकडे बघू लागली. आई तर वळूनच बसली होती. रिबकाबाईंनी पुढच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरली होती. त्या उठणार असं मला वाटलं. बोटं पांढरी पडली, पण त्या उठल्या नाहीत. गायन सुरू झालं. प्रभाकर गात नव्हता. आईने मोठा श्वास सोडला आणि घरी जाऊन लाडवांना पाक टाकला. हरकत नाही, म्हणजे काही नाहीच.

त्याच दुपारी रिबकाबाई मुलांच्या शाळेत गेल्या. प्रभाकर रिकाम्या वर्गात बसला होता. "मी बोलणार नाही," त्या म्हणाल्या. त्याचा चेहरा उजळला. "तू बोलायचंस. मंडळीला नाही, काका-काकूंना नाही, तिच्या आईला नाही. लीलाला. एकटीला. येत्या रविवारच्या आत."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी काय करीन ते मला ठाऊक नाही. देवाने अजून सांगितलान नाही."

"तुम्हीच सांगा ना तिला," तो म्हणाला. "तुम्हाला नीट सांगता येईल."

"मी सांगितलं तर तिला नुसता रोग दिसेल. तू सांगितलंस तर तूही दिसशील." मग त्याच्या भाजलेल्या हातावरची पट्टी त्यांनी सोडून नव्याने बांधली. प्रभाकर मला पुढे म्हणाला, की बाईंनी ती पट्टी दोनदा गुंडाळून दोनदा सोडली आणि त्याला त्याचंच जास्त भय वाटलं.

शनिवारी तो आमच्या घरी आला. मी तेव्हा लाजाळू नवरदेव म्हणून मनात हसले. ओटीवर काकू, शांताबाई, आणखी दोघी शेवया वळत बसलेल्या. त्याला खुर्ची दिली. लीलाने कोकमाचं सरबत आणलं. तो म्हणाला, "जरा बोलायचं होतं," आणि सगळ्या बायका एकदम हसल्या. काकू म्हणाली, "आता चार दिवसांनी जन्मभर बोल." तो सरबत प्याला. आणखी मागितलं, तेही प्याला. उकाडा फार आहे म्हणाला. मग उठला, पायरीवर थांबला, वळून लीलाकडे पाहिलं आणि गेला. ती दारात उभी राहून तो वळणाआड होईपर्यंत बघत होती.

तिसरा रविवार. वारा पडलेला. जांभ्याच्या त्या भिंतींत भट्टीसारखं उकडत होतं आणि पुस्तिकांनी वारा घेण्याचा एकच आवाज चालू होता. रिबकाबाई नेहमीच्या जागी नव्हत्या, पार शेवटच्या बाकावर होत्या. पाळकसाहेबांनी नावं वाचली, "तिसरी आणि शेवटची पुकार" म्हणाले, आणि हरकतीचं वाक्य पुरं व्हायच्या आत पुरुषांच्या बाजूने प्रभाकर उभा राहिला.

आता हे बाहेरच्या माणसाला खरं वाटणार नाही, पण कोणालाही धक्का बसला नाही. आमच्याकडे देवाच्या उपकाराची साक्ष द्यायला माणसं अशीच उभी राहत. लग्न, बाळंतपण, नोकरी, काही झालं की उभं राहून चार शब्द सांगायचे. नवरा मुलगा भारावून साक्ष द्यायला उठला, असंच सगळ्यांना वाटलं. काकूने कौतुकाने पदर डोळ्यांना लावला. पाळकसाहेब हसून म्हणाले, "प्रभाकर, साक्ष उपदेशानंतर. बस हं."

आणि तो बसायला लागला. मी पाहिलं. त्याचे गुडघे वाकले, हात बाकाकडे गेला. आठवडाभर जो धीर गोळा केला होता तो त्या एका प्रेमळ "बस"ने गेला. तो बसला असता तर संपलं होतं. पुकार पुरी झाली असती आणि बुधवारी लग्न लागलं असतं.

"पाळकसाहेब," मागून आवाज आला. "तो साक्ष द्यायला उभा नाही. त्याला बोलू द्या."

पुकारीच्या मध्ये बाईमाणूस बोललेलं कोणी ऐकलं नव्हतं. सगळ्या माना वळल्या. रिबकाबाई उभ्या होत्या.

प्रभाकर पुन्हा सरळ झाला. म्हणाला, "ह्या लग्नाला माझी हरकत आहे." मग बाही वर सारली. त्याने रोगाचं नाव घेतलं, तेव्हा त्याच्या बाकावरची माणसं आधी सरकली आणि मग उठलीच. सख्खा काकाही उठला. लांबलचक बाकावर तो एकटा राहिला. रिबकाबाई शेवटच्या बाकावरून निघाल्या, मधली वाट ओलांडून पुरुषांच्या बाजूला गेल्या आणि त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. पाळकसाहेब पुस्तक मिटून लीलाकडे बघत राहिले. तिने काही बोलावं असं त्यांना वाटत होतं की काय, कोण जाणे. लीला उठली. तिचं तोंड उघडलं होतं. पण आईने तिचं मनगट गच्च धरलं होतं आणि दीडशे डोळे तिच्याकडे लागले होते. आईने तिला ओढत बाहेर नेलं.

पाऊस लागल्यावर डॉक्टरसाहेब आले आणि टाचणी खरी ठरली. प्रभाकर आश्रमात गेला. तिथे त्याला दर आठवड्याला कडू कवठीच्या तेलाची, ह्या रोगावरच्या औषधाची, सुई टोचत. रोग वाढला नाही, पण प्रभाकर परतही आला नाही. तिथल्या मुलांना शिकवू लागला. आईचं रिबकाबाईंवर भलतंच प्रेम बसलं. "बाईंनी माझी पोर वाचवलीन," असं ती ज्याला त्याला सांगे. रिबकाबाई ते ऐकलं की विषय बदलत. लीला मात्र त्यांच्याशी बोलेनाशी झाली. रस्त्यात दिसल्या तर पलीकडून जाई. पुढल्या वर्षी मुंबईच्या एका छापखान्यातल्या मुलाशी तिचं लग्न झालं. तिच्या पुकारी मुंबईत झाल्या. इथे होऊ द्यायच्या नाहीत, अशी तिची एकच अट होती.

मी रिबकाबाईंची क्षमा मागायला गेले, ती त्यांनी मागूच दिली नाही. मग मी माझा जुना प्रश्न विचारला. म्हटलं, एवढं विचारत होतात, शेवटी उत्तर आलं ना?

"उत्तर नाही आलं गो," त्या म्हणाल्या. "रविवार आला." आणि मग, "देव काही चिठ्ठी पाठवत नाही. भीती जरा कमी करतो, उभं राहण्यापुरती. पण प्रभाकरने घरी सांगायला हवं होतं. देवळात नको होतं ते. तेवढं माझ्याकडून नीट झालं नाही." पुढे कितीदा तरी त्या ह्यावर येत. बाकी कशाची त्यांना टोचणी नव्हती. लीलाची होती.

चार-पाच वर्षांनी नाताळात लीला मुलाला घेऊन बोटीने आली. रिबकाबाई तेव्हा दवाखान्यातून निवृत्त झाल्या होत्या. गुडघे सुजलेले, गुरुवारची फेरीही आता बंद, घरातल्या घरात भिंत धरून चालत. माझी बदली ठरली होती, निरोप घ्यायला मी निघाले, तर लीला म्हणाली, "ताई, मीही येते."

रिबकाबाईंनी तिला पाहिलं आणि उठायला लागल्या. लीलाने त्यांना उठू दिलं नाही, स्वतःही बसली नाही. चौकटीला टेकून उभी राहिली. कसलाही उपोद्घात न करता म्हणाली, "ते शनिवारी घरी बोलले असते ना, तर मी हो म्हटलं असतं."

रिबकाबाईंनी बसल्या जागी चौकटीकडे तोंड वळवलं.

"रोग आहे हे कळूनही. मी त्यांच्याबरोबर राहिले असते. देवळातही मला तेच सांगायचं होतं. पण सगळे बघत होते, आईने हात धरला होता, माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तुम्ही त्यांना बोलू दिलंत. मला कोणी बोलू दिलं नाही."

मला वाटलं, आता रिबकाबाई मोडून पडणार. इतकी वर्षं जी भीती बाळगली होती, ती खरी निघाली होती. त्यांनी पदर तोंडावर दाबला, पुन्हा काढला. समर्थन केलं नाही, देवाचं नाव घेतलं नाही. "मला ठाऊक नव्हतं पोरी," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हे प्रभाकरला सांगू?"

"विचारा की तुमच्या देवाला," लीला म्हणाली. तिच्या बोलण्यात अजून धार होती.

"त्याला नाही विचारत. तुला विचारत्ये. तू म्हणशील तर सांगीन, नाही म्हणशील तर माझ्याबरोबर जाईल."

बाहेर लीलाचा मुलगा कोंबड्यांमागे धावत होता, त्याचा आवाज येत होता. लीलाने वळून तिकडे पाहिलं.

"सांगा," ती म्हणाली. "आणि मी बरी आहे, हेही सांगा."

रिबकाबाईंनी भिंतीला हात लावला आणि उठल्या. मी म्हटलं, आत्ता भर दुपारी? उद्या कोणाची तरी बैलगाडी बघू, तुमचे गुडघे... त्या ऐकत नव्हत्या. चपला शोधून त्यांनी पायात सरकवल्या, लुगड्याचा काठ जरा वर खोचला आणि पायऱ्या एकेक करून उतरल्या. आम्ही बरोबर येतो म्हटलं तर हातानेच नको म्हणाल्या. आश्रमाच्या तांबड्या रस्त्याला लागल्या. डावा पाय ओढत होत्या, मध्ये एकदा गडग्याला धरून थांबल्या, आणि पुन्हा चालू लागल्या. मी त्यांना पाहिलं ते तेव्हाच शेवटचं.

"पोचतील ना गं, ताई?" लीलाने विचारलं.

मी "पोचतील" म्हटलं आणि वळून बघते तर ती रडत होती. त्या रविवारी रडली नव्हती, लग्नात रडली नव्हती. मुलगा धावत आला आणि तिच्या लुगड्याला बिलगला, तरी तिला रडू आवरेना.